रंगाखालचा पत्रा

वडोदरे येथील एका तरुण वाचकाने आम्हांस पत्र पाठविले आहे. त्यांच्या आजोबांची फियाट मोटार बारा वर्षे पडवीत उभी आहे. ती विकण्यास घरातील कोणाचे मन होत नाही आणि तिच्याकडे कोणास पाहवतही नाही. ती घरच्या घरी नीट करून रंगविता येईल काय, त्यास किती दिवस लागतील आणि रंग कोणता आणावा, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. मोटारी हा या सदराचा नित्याचा विषय नव्हे आणि आम्ही काही मिस्त्रीही नव्हे. परंतु २०२३ साली आम्ही याच उद्योगात सबंध वर्ष घालविले व पुष्कळ चुका केल्या. त्यांतील सर्वांत मोठी चूक तर मोटारीविषयी नव्हतीच. म्हणून पत्राचे उत्तर येथेच देत आहोत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, होय. हे काम घरी होते, मात्र त्यातील काही भाग जाणत्याच्या हाती सोपवावे लागतात. दुसऱ्याचे उत्तर, एक वर्ष धरून चालावे. तिसऱ्याचे उत्तर आम्ही अखेरीस देऊ. कारण रंग ही या कामातील शेवटची गोष्ट आहे, आणि आपण सारे नेमका तेथूनच आरंभ करू पाहतो.

आमची गाडी म्हणजे १९६६ सालची फियाट अकराशे डिलाइट. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात, इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने, हा नमुना १९६४ पासून तयार होऊ लागला. त्याआधीच्या गोलमटोल फियाटला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत; डिलाइट तिच्या मानाने सडसडीत. हिलाच पुढे १९७२ साली ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ साली ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत धावत होती. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या खांबावरच बसविलेली गिअरची दांडी आणि पुढे बाकासारखी एक सलग बैठक, एवढा तिचा थाट. त्या पुढच्या बैठकीवर आईवडिलांच्या मध्ये बसून ज्यांनी लहानपणी प्रवास केला असेल, त्यांस अधिक सांगावयास नको.

आमचे वडील वास्को येथे मुरगाव बंदरात नोकरीस होते. १९७९ साली त्यांनी ही गाडी जुनी म्हणूनच विकत घेतली. बंदराच्या खाऱ्या वाऱ्यात ती पाच वर्षे उघड्यावर उभी राहिली. १९८४ साली वडील निवृत्त झाले आणि आम्ही सर्वजण सामानसुमानासह अनमोडचा घाट चढून बेळगावास आलो. वडील १९९८ साली गेले. गाडी थोरल्या बंधूंकडे गेली. त्यांनी ती काही वर्षे चालविली आणि २००६ साली घरामागील पत्र्याच्या छपराखाली जी उभी केली, ती केलीच.

२०१० साली आम्ही एकदा त्यांच्या घरी गेलो असता गाडीच्या दाराखालचा भाग हाताने चाचपून पाहिला. बोट आत गेले आणि रंगाच्या खपल्यांसह तांबडा भुगा हातात आला. आम्ही त्याच अंगणात, त्यांच्या मुलाबाळांदेखत, बोलू नये ते बोललो. “बाबांनी तळहातावर जपलेली गाडी, आणि तू तिची ही दशा केलीस!” असे काहीसे ते शब्द होते. दादा काही बोलला नाही. तो घरात निघून गेला. त्यानंतर बारा-तेरा वर्षे आमचे बोलणे नाताळच्या आणि अंत्यविधीच्या प्रसंगांपुरते उरले.

२०२३ च्या जानेवारीत दादाने ते घर विकावयास काढले. छप्पर पाडले जाणार, म्हणून गाडी भंगारात जाण्याची वेळ आली. तेव्हा त्याचा मुलगा, आमचा पुतण्या, आमच्याकडे येऊन म्हणाला, “काका, तुमच्या अंगणात जागा आहे. गाडी आणू का? मी हाताखाली काम करीन.” आम्ही होकार दिला. मनात खरे सांगावयाचे तर एवढेच होते, की दादाने जे बिघडविले ते आपण नीट करून दाखवू.

आता कामाकडे वळतो. पहिला नियम असा, की पाना हाती घेण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावी. कोणती तार कोठून जाते, कोणत्या बाजूस कोणता वायसर आहे, हे आज डोळ्यांसमोर असते आणि चार महिन्यांनी देवालाच ठाऊक असते. स्क्रू आणि नटबोल्ट एकाच डब्यात कधीही टाकू नयेत. प्रत्येक भागाचे वेगळ्या पिशवीत ठेवून आत चिठ्ठी घालावी. सगळी गाडी एका आठवड्यात मोकळी करण्याचा मोह आवरावा. घरोघरी ज्या जुन्या गाड्या अर्धवट पडल्या आहेत, त्यांतील बहुतेक उत्साहाच्या पहिल्या आठवड्यात सुट्या केलेल्या आहेत.

दुसरा नियम, गाडीखाली काम करावयाचे तर केवळ जॅकवर कधीही विसंबू नये. खाली भक्कम लोखंडी घोड्या लावाव्या. बॅटरी सोडवावी. पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी, आणि ती रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी अधिक घातक असते.

यानंतर आरंभ होतो तो तपासणीचा. शहापुरातील एक वयोवृद्ध मिस्त्री, ज्यांनी पन्नास वर्षे पत्राकाम केले, त्यांस आम्ही घरी बोलाविले होते. त्यांनी हत्यारे आणली नव्हती. खिशातून एक लहानसे लोहचुंबक काढले, रुमालात गुंडाळले आणि ते गाडीच्या अंगावरून हळूहळू फिरवू लागले. जेथे खरा पत्रा होता तेथे चुंबक चिकटे. जेथे पत्रा जाऊन त्याजागी लांबीचा लपका बसविला होता तेथे ते निसटून खाली येई. ज्यास भिंतीच्या कामात लांबी म्हणतात, तशीच पत्र्याच्या खळग्यांत भरावयाची ही लांबी असते. तिचा थर दोन-तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर तो दोष नव्हे. त्याहून जाड असेल तर काहीतरी झाकले आहे असे समजावे. डाव्या बाजूच्या दोन्ही दारांखाली हातभर लांबीत चुंबक एकदाही टिकले नाही.

तो भाग काय आहे हे सांगणे अवश्य आहे. जुन्या कित्येक मोटारींस आणि मालमोटारींस खाली वेगळा सांगाडा असतो आणि वरचे अंग त्यावर बसविलेले असते. फियाट अकराशेची रचना तशी नाही. तिचे अंग हाच तिचा सांगाडा. पुढील चाकापासून मागील चाकापर्यंत दारांच्या खालून पत्र्याची एक पोकळ पेटी जाते. तिला आपण गाडीचा उंबरठा म्हणू. गाडीचा भार सावरण्यात तिचा मोठा वाटा आहे. दारात शिरलेले पावसाचे पाणी तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडावे अशी योजना असते. ती भोके धुळीने बुजली, की दारांचा तळ कुजतो, आणि उंबरठ्यात गेलेले पाणीही तसेच आत साचून राहते. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतो; त्यात समुद्राचे मीठ मिळाले की तो झपाट्याने वाढतो. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते, म्हणून तो आतून रंगाला फोड आणतो. बाहेर रुपयाएवढा फोड दिसला, तर आत तळहाताएवढे भोक आहे असे धरून चालावे.

मिस्त्रींनी छिन्नीने तो लपका फोडला. सुमारे दोन बोटे जाडीचा थर निखळून पडला. आत पत्रा नव्हताच. लोखंडी जाळी होती आणि जाळीमागे, पोकळी भरून काढण्यासाठी, वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते. आम्ही पुतण्याकडे पाहिले. तोंडाने बोललो नाही, परंतु मनात म्हटले, हा घे तुझ्या वडिलांच्या कामाचा पुरावा. पुतण्याने त्यातील एक बोळा अलगद उलगडला. कागद पिवळा पडून कुरकुरीत झाला होता. त्याने वरची ओळ वाचली आणि कागद आमच्यापुढे धरला. दिनांक मार्च १९८७ चा होता.

१९८७ साली गाडी वडिलांपाशी होती. दादाच्या ताब्यात ती येण्यास अकरा वर्षे अवकाश होता.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दादाकडे गेलो आणि तो कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो पाहिला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग म्हणाला, “जाळी मी धरली होती. लांबी बाबांनी लावली. रात्री केलं सगळं, कंदील लावून.” आम्ही विचारले, की मिस्त्रीकडे का नेली नाही? त्यावर तो थोडा वेळ थांबला. “मिस्त्रीसाठी पैसे काढून ठेवले होते. तेवढ्यात तुझ्या बोर्डिंगचं पत्र आलं. दोन सहामाहींची फी थकली होती; नाव काढणार होते. बाबा म्हणाले, गाडी थांबेल, शाळा थांबणार नाही. आणि मला म्हणाले, धाकट्याला सांगू नकोस, अभ्यासातून त्याचं लक्ष उडेल.”

“पण मी तुला अंगणात एवढं बोललो, तेव्हा तरी सांगायचंस!”

“तेव्हा बाबा नव्हते,” दादा म्हणाला. “त्यांनी सांगू नको म्हटलेलं मी कसं सांगू?”

वाचकहो, यावर आम्ही काय बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही, आणि खरोखर फारसे बोललोही नाही. क्षमा मागितली. दादाने वहिनींस चहा ठेवावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जुने कपडे पिशवीत घालून आमच्या अंगणात हजर झाला, आणि पुढे दहा महिने रविवार सोडून बहुधा रोज येत राहिला.

उंबरठा बदलण्याचे काम आम्ही घरी केले नाही, आणि कोणी करूही नये. गाडीचा भार पेलणारा भाग कापावयाचा तर आधी दारांच्या चौकटीत आडव्या लोखंडी पट्ट्या जोडून अंग जागच्या जागी रोखून धरावे लागते. नाहीतर गाडी यत्किंचित खचते आणि मग दारे जन्मात नीट लागत नाहीत. हे काम मिस्त्रींनी आपल्या वेल्डरसह आमच्या अंगणातच केले. कुजलेला पत्रा त्यांनी चांगला पत्रा लागेपर्यंत कापत नेला. अर्धा कुजका पत्रा ठेवून त्यावर नवा जोडणे म्हणजे गंजाला नवे घर बांधून देणे होय. जोडाच्या आतील बाजूस जस्तयुक्त प्रायमर लावला आणि सर्व झाल्यावर पोकळीत मेणमिश्रित तेल फवारले. दारांच्या तळाची भोके मोकळी करण्याचे काम दादाने केले. त्यास एक सायकलीचा जुना आरा पुरला.

बाकीचा पत्रा मोकळा करण्याचे काम आमच्याकडे होते. येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या रंगांत शिसे असण्याचा मोठा संभव असतो. असा रंग कोरडा घासू नये. त्याची धूळ श्वासावाटे आणि हातावाटे पोटात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूस ती सर्वांत अपायकारक. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासावे, खाली प्लॅस्टिक अंथरावे, मुलांस दूर ठेवावे आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. लांबी मात्र ओली घासू नये, कारण ती पाणी शोषून घेते आणि ते पाणी पुढे रंगाखाली फोड आणते. ती कोरडी घासावी आणि नाकातोंडावर योग्य मास्क बांधावा. जेथे बारीक गंज उरतो तेथे फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावतात. त्याने गंजाचे काळसर फॉस्फेट होते. परंतु त्याने भोके बुजत नाहीत, आणि सुटा पापुद्रा आधी तारेच्या ब्रशाने काढलाच पाहिजे.

घासताना थरामागून थर उलगडत गेले. सर्वांत वर फिकट पिवळसर रंग होता. तो दादाने २००१ साली दिला होता. त्याखाली गडद निळा, वडिलांचा, १९८७ चा. त्याखाली मळकट पांढरा, आधीच्या मालकाचा. आणि तळाशी, कारखान्यातून निघाला तो फिकट करडा. मूळ रंग खात्रीने पाहावयाचा असेल तर उन्हाने न विटलेली जागा शोधावी. डिकीतील चटईखाली किंवा डॅशबोर्डाच्या मागे तो बहुधा जसाच्या तसा सापडतो.

आता रंगाच्या जातींविषयी. बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. सिंथेटिक एनॅमल हवेतील प्राणवायूच्या संयोगाने हळूहळू कडक होते. ते स्वस्त, परंतु वाळेपर्यंत त्यावर अंगणातली सारी धूळ बसते. दुसरा नायट्रोसेल्युलोजचा, ज्यास आपल्याकडे सर्रास ‘ड्युको’ म्हणतात. ते मूळचे ड्युपाँट या अमेरिकन कंपनीच्या रंगाचे नाव. १९२३ साली तेथील ओकलंड मोटारींवर तो प्रथम वापरला गेला. त्यापूर्वी तेलाच्या वॉर्निशाचे थर वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. ड्युको घटकाभरात सुकू लागला आणि मोटारींच्या कारखान्यांस रंगीत गाड्या झपाट्याने काढणे शक्य झाले. तो केवळ थिनर उडून गेल्याने वाळतो, म्हणून चुकला तर घासून पुन्हा देता येतो. घरच्या नवशिक्यास हाच क्षमाशील. तिसरा प्रकार हार्डनर मिसळावयाच्या दोन भागांच्या रंगाचा. तो सर्वांत टिकाऊ व चकचकीत. परंतु त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या फवाऱ्याने दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे अल्प संपर्कही माणसास गुदमरवितो. वासावरून त्यांची सूचना मिळत नाही. बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा असल्याशिवाय हा रंग फवारणे म्हणजे आत्मघात होय. घरी त्याच्या वाटेस जाऊ नये. ड्युकोसाठीही रुमाल उपयोगी नाही. वाफ शोषणारे कोळशाचे डबे असलेला मास्क हवाच.

आमची दुसरी चूक येथे झाली. जुलै महिना होता. बेळगावचा पाऊस ज्यांस ठाऊक आहे त्यांस अधिक सांगणे नलगे. पत्राकाम होऊन प्रायमर बसला होता आणि आमचा धीर सुटला. मिस्त्रींनी दसऱ्यापर्यंत थांबावयास सांगितले होते. एके दिवशी दुपारी पावसाने उघडीप दिली, तेव्हा आम्ही पुतण्यास हाताशी धरून बॉनेट रंगविले. अर्ध्या तासात त्यावर दुधाची साय धरावी तसे पांढुरके पटल आले. कारण साधे आहे. थिनर वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो, आणि दमट हवेतील बाष्प त्या ओल्या रंगावर दवाप्रमाणे जमून आत अडकते. दादा सायंकाळी आला. त्याने बॉनेट पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाला, “घासू या.” तेरा वर्षांपूर्वी आम्ही त्याच्या अंगणात कसे बोललो होतो, ते आम्हांस तेव्हा आठवले.

पुढले तीन महिने केवळ घासण्यात गेले, आणि खरे काम तेच होते. प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारावयाचा आणि सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या कागदाने घासावयाचे. उंच भागावरील काळे निघून जाते, खळग्यातले राहते. जेथे काळे राहिले तेथे पुन्हा भरावयाचे आणि पुन्हा घासावयाचे. आरंभी ऐंशी नंबरचा कागद, मग एकशेऐंशी, तीनशेवीस, आणि रंगापूर्वी सहाशे. मिस्त्री येत, डोळे मिटत, तळहातावर पातळ फडके घेऊन दारावरून हात फिरवीत आणि म्हणत, “येथे आहे.” आम्हांस काही दिसत नसे. “डोळ्याला दिसत नाही तोवर दुरुस्त करा साहेब. चकाकी आली की सगळ्या गल्लीला दिसेल.” हे अक्षरशः खरे आहे. रंग दोष झाकतो हा आपला समज. प्रत्यक्षात चकचकीत रंग आरशासारखा असतो, आणि आरशातील लाट लांबूनही दिसते.

रंग कोणता द्यावा, याची चर्चा या काळात झाली. पुतण्यास लाल हवा होता. आम्हांस वडिलांचा निळा हवा होता. त्या कागदानंतर तर अधिकच. दादाने मात्र नोंदणीपुस्तक आणले. त्यात रंग करडा असा लिहिला होता. रंग बदलला तर त्याची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते, हा एक व्यवहार झाला. शिवाय केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जे नियम केले, त्यांत प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांस ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी ठेवली आहे. तिचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. मात्र अशी गाडी नित्याच्या वा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ती नोंदणी करावयाची की नाही हे आम्ही अजून ठरविलेले नाही.

परंतु दादाचे कारण वेगळे होते. तो म्हणाला, “निळा बाबांनी आवड म्हणून नाही दिला. डाव्या बाजूचं काम दिसू नये म्हणून दिला. आता काही लपवायचं नाही, तर निळा कशाला?” यावर आम्हांपाशी उत्तर नव्हते. जुन्या मोटारींच्या संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली ट्युरिन येथील सनदेत असे तत्त्व घातले आहे, की जुन्या गाडीवर काळाने उमटविलेल्या खुणा शक्य तेथे राखाव्यात आणि जे बदलले त्याची नोंद ठेवावी. त्यास अनुसरून आम्ही एक गोष्ट केली. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस तळहाताएवढी जागा रंगविली नाही. ती बारीक कागदाने अशी घासली, की पिवळा, निळा, पांढरा आणि करडा असे चारही थर झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे एकात एक दिसतात.

नोव्हेंबरमध्ये, हवा कोरडी झाल्यावर, आम्ही रंगास हात घातला. पडवीच्या तिन्ही बाजूंस प्लॅस्टिक बांधले, चौथी वाऱ्यास मोकळी ठेवली, आणि धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडले. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाऊन दूरच्या ज्योतीवरही पेट घेते. म्हणून त्या दिवशी चूल-शेगडी बंद होती, आणि घरातील वेदीपुढची मेणबत्तीही आमच्या पत्नीने स्वतःहून लावली नाही. पत्रा थिनरने पुसून घेतला. तेलाचा वा सिलिकॉन पॉलिशचा अंश राहिला तर रंग तेथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी अडविणारी गाळणी हवी. बंदूक पत्र्यापासून वीतभर अंतरावर, सरळ रेषेत, मनगट न वळविता चालवावी आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा यावा. जवळ धरली तर ओघळ येतात, लांब धरली तर रंग वाटेतच सुकून खरखरीत बसतो. एक जाड हात देण्यापेक्षा सहा पातळ हात द्यावेत. बंदूक दादाने धरली. १९८७ साली त्याने जाळी धरली होती. या वेळी त्याच्या हाती काही चांगले यावे, असे आम्हांस वाटले.

दोन आठवडे रंग बसू दिला, मग हजार आणि दोन हजार नंबरच्या ओल्या कागदाने घासून पॉलिश केले. ओघळ दोन आले आहेत. एक मागील मडगार्डावर आणि दुसरा कोठे ते आम्ही सांगणार नाही. खर्च किती झाला, हे वाचकांनी विचारू नये. तेवढ्यात बरी अशी दुसरी जुनी गाडी आली असती.

नाताळच्या आदल्या सायंकाळी दादा चालकाच्या जागी, आम्ही पलीकडे आणि पुतण्या मध्ये, असे तिघे एकाच बैठकीवर बसून खानापूर रस्त्याने थोडे दूर जाऊन आलो. परतताना दादाने डावे दार लावले. ते एका हातात, हलक्या आवाजाने लागले. तो खाली उतरला, त्याने ते पुन्हा उघडले आणि पुन्हा लावले.

तो वर्तमानपत्राचा कपटा आम्ही नोंदणीपुस्तकाच्या पानांत ठेवला आहे.

तेव्हा वडोदऱ्याच्या आमच्या तरुण मित्रास तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की रंग कोणता आणावा हे आज ठरवू नका. आज एक लहान लोहचुंबक आणा आणि तुमच्या काकांना, आत्यांना, ज्यांनी ज्यांनी ती गाडी चालविली त्या सर्वांना एका रविवारी घरी बोलवा. चुंबक जेथून निसटेल तेथे थांबा आणि काय झाले होते ते विचारा. रंगाचे दुकान दिवाळीनंतरही उघडे असेल.